फियाट अकराशे : मापे आणि मशागत



व्याख्यानमालेच्या पत्रकात आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. संतवाङ्मय, अर्थकारण, नाट्यसंगीत असे विषय जेथे शोभावेत, तेथे हे तेलाने माखलेले इंजिन कोणी आणून ठेवले, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. आमचे उत्तर थोडक्यात असे. ज्या यंत्राने या प्रांतातल्या कितीतरी कुटुंबांना लग्नाला, देवदर्शनाला, दवाखान्यात आणि परीक्षेच्या केंद्रावर वेळेवर नेऊन पोचवले, त्याची तासभर विचारपूस केल्याने व्यासपीठ काही विटाळत नाही.

हे यंत्र म्हणजे फियाट अकराशे या मोटारीचे पेट्रोल इंजिन. आपण तिला नुसती ‘फियाट’ म्हणत होतो. पुढे तिचे दुसऱ्यांदा बारसे झाले आणि ती ‘पद्मिनी’ झाली. आज ती रस्त्यावर क्वचित दिसते. पण गावात धांडोळा घेतला, तर एखाद्या वाड्याच्या बोळात, एखाद्या जुन्या दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली झाकलेल्या चार-दोन गाड्या खात्रीने निघतील. त्या गाड्यांचे पुढे काय होणार, हा आजच्या व्याख्यानाचा खरा प्रश्न आहे. त्या भंगारात जातील की चालत्या राहतील, हे आमच्या मते त्यांच्या वयावर अवलंबून नाही. त्यांच्या मापांचा अर्थ सांगणारी माणसे आपल्यात उरतात की नाही, यावर ते अवलंबून आहे.

मापांचा अर्थ, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. मोटारीच्या माहितीपुस्तकात आरंभीच आकड्यांचे एक पान असते. बहुतेक मालक ते पान न वाचता उलटतात आणि पंचांगातल्या गणितासारखे ते आपल्या कामाचे नाही असे समजतात. वास्तविक त्यातल्या एकेका आकड्यात ते यंत्र कसे वागवावे याची सूचना दडलेली असते. ज्याला आकडा वाचता येतो, त्याला निम्मी मशागत आपोआप कळते.

प्रथम या इंजिनाची कुळकथा. इटलीतील तुरीन शहरच्या फियाट कंपनीने १९३७ साली ‘बालिल्ला ११००’ नावाची एक छोटी मोटार बाजारात आणली. दान्ते जाकोसा हा तिशी नुकतीच ओलांडलेला अभियंता तेव्हा त्या कंपनीत नाव काढू लागला होता. या गाडीच्या रचनेत त्याचा हात होता. तिच्या इंजिनाचे आकारमान १०८९ घन सेंटिमीटर आणि शक्ती ३२ अश्वशक्ती. मध्ये महायुद्ध येऊन गेले. १९५३ साली कंपनीने त्याच मापाचे इंजिन घालून नव्या बांधणीची अकराशे काढली. तिची शक्ती ३६ अश्वशक्ती झाली. या दोन सालांच्या दरम्यान चिसितालिया नावाच्या एका लहान कारखान्याने हेच इंजिन थोडे तापट करून शर्यतीच्या गाडीत बसवले, आणि १९४७ च्या मिल्ले मिल्या या नामांकित शर्यतीत पन्नाशी उलटलेल्या ताझिओ नुवोलारीने त्या चिमुकल्या गाडीतून दुसरा क्रमांक पटकावला. घरगुती यंत्रात किती जीव होता, हे सांगण्यास एवढे उदाहरण पुरे.

आता ते आपल्याकडे कसे आले ते पाहू. सोलापूरला १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्यास कारखाना उभा राहिला. १९५३ साली सरकारने असे धोरण ठरवले, की परदेशातून सुटे भाग आणून येथे नुसती जोडणी करणाऱ्यांना थारा नाही. ज्यांना राहावयाचे असेल त्यांनी भाग येथेच बनवावेत. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. वालचंद त्याच वर्षी, १९५३ साली, निवर्तले. १९५४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून अकराशे बाहेर पडू लागली. पुढे तिची एकामागून एक रूपे आली. साठाच्या दशकाच्या मध्यास ‘डिलाइट’ आली. १९७२ च्या सुमारास नाव ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाले. १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. शतक पालटता पालटता उत्पादन थांबले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची काळीपिवळी पद्मिनीही निवृत्त झाली. रंग बदलले, दिवे बदलले, नावे बदलली, आतले पुष्कळ भाग सुधारले. परंतु १९३७ साली ठरलेले नळकांड्याचे माप तेवढे बदलले नाही. साठ वर्षांहून अधिक काळ एका मापावर टिकून राहणे हे यंत्रांच्या जगात थोडे नव्हे.

आता त्या मापाकडे वळू. इंजिनात चार नळकांडी एका ओळीत उभी आहेत. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. शाळेत शिकलेले वर्तुळाचे क्षेत्रफळ येथे उपयोगी पडते. ६.८ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३६.३ चौरस सेंटिमीटर. त्याला साडेसातांनी गुणले की २७२.४ घन सेंटिमीटर येतात, आणि चौपट केली की १०८९. एका नळकांड्याची धारणा म्हणजे आपला चहाचा मोठा पेला. असे चार पेले मिळून गाडीचा सगळा संसार चालतो.

येथे पहिली सूचना लक्षात घ्यावी. व्यासापेक्षा धाव मोठी आहे. धाव लांब म्हणजे कमी फेऱ्यांतही ओढ चांगली, पण फार वेगाने फिरवणे मानवणारे नाही. याचाही हिशेब सोपा आहे. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर दर फेऱ्यास पिस्टन ७५ मिलिमीटर वर आणि तितकाच खाली जातो. म्हणजे सेकंदाला सरासरी १० मीटरची ये-जा झाली. फेरे ४८०० वर नेले की ती १२ मीटर होते. प्रत्येक टोकाला पिस्टन क्षणभर थांबून उलट फिरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पिनेवर आणि बेअरिंगवर काय ओढ बसत असेल याची कल्पना येईल. ज्यांना गिअरमध्ये इंजिन किंचाळेपर्यंत ताणण्याची हौस आहे, त्यांनी हा दहा मीटरांचा आकडा स्मरावा.

याच्या उलट एक दुसरी सवय आहे आणि ती सज्जन माणसांत अधिक आढळते. पेट्रोल वाचावे म्हणून चढावरही वरचा गिअर सोडावयाचा नाही आणि इंजिन धापा टाकत असता ॲक्सिलरेटर दाबत राहावयाचे. या इंजिनाच्या क्रँकशाफ्टला तीनच ठिकाणी आधार आहे. आजच्या चार नळकांड्यांच्या इंजिनाला बहुधा पाच असतात. तीन टेकूंवर बसलेल्या दांड्याला मंद फेऱ्यांवर जोराचे तडाखे देणे म्हणजे उंबरठ्यावर मुसळ मारण्यासारखे आहे. तेलाचा पंपही इंजिनाच्याच गतीवर चालतो. फेरे कमी तर तेलाचा दाब कमी. तेव्हा घाट लागण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा. त्यात गाडीचा अपमान नाही.

दुसरे माप म्हणजे दाबाचे प्रमाण. नळकांड्यात ओढलेले मिश्रण पिस्टन किती पटींनी आवळतो, ते हे प्रमाण. १९३७ साली ते सहास एक असे होते. पुढे सात-साडेसातच्या घरात गेले. आजच्या गाड्यांत दहा किंवा त्याहून अधिक असते. हा आकडा लहान असणे हा काही या इंजिनाचा मागासपणा नव्हे. आपल्याकडे ते आले तेव्हा मिळणारे पेट्रोल सामान्य प्रतीचे होते, आणि सामान्य पेट्रोल फार दाबले की ते ठिणगीची वाट न पाहता भडकते. त्यालाच आपण इंजिन ‘नॉक’ करते म्हणतो. कमी दाबाचे इंजिन मिळेल ते अन्न पचवते. गरीब घरात वाढलेल्या माणसाला खाण्याच्या खोडी नसतात, तसेच हे. म्हणून शतक पालटल्यानंतर मुंबईतल्या टॅक्सी सीएनजीवर आल्या, तेव्हा १९३७ च्या मापाचे हे इंजिन वायूवरही मुकाट्याने चालले.

तिसरी गोष्ट धातूंची. इंजिनाचा खालचा ठोकळा ओतीव लोखंडाचा आहे आणि वरचे झाकण, ज्याला आपण ‘हेड’ म्हणतो, ते ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम उष्णता लवकर बाहेर टाकते, हा त्याचा गुण. पण तापले की ते लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दोन वेगळ्या स्वभावांची माणसे एका छपराखाली नांदावीत, आणि मध्ये बिचाऱ्या गॅस्केटने सांभाळून घ्यावे, असा हा प्रकार आहे. इंजिन एकदा अतोनात तापले की हेड वाकते, गॅस्केट उडते आणि पाणी तेलात किंवा नळकांड्यात शिरते. म्हणून या इंजिनाच्या मशागतीत पाण्याची निगा पहिली, बाकी सर्व नंतर.

ती निगा कशी करावी? रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी घालू नये. आपल्या दख्खनच्या पाण्यात क्षार पुष्कळ. घरच्या बंबाला आतून जसे पुट चढते, तसे ते इंजिनाच्या आतल्या वाटांनाही चढते आणि उष्णता बाहेर पडेनाशी होते. शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण घालावे व ते ठरावीक मुदतीने बदलावे. पंख्याचा पट्टा बोटाने मध्यावर दाबून पाहावा. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर दबला म्हणजे ठीक. तो एकच पट्टा पाण्याचा पंप आणि वीज देणारे यंत्र दोन्ही फिरवतो; त्यामुळे तो सैल पडला की इंजिन तापते आणि बॅटरीही उतरते. गाडी तापून उभी राहिली तर रेडिएटरचे झाकण उघडण्याची घाई करू नये आणि गार पाण्याची बादली तर मुळीच ओतू नये. तापल्या तव्यावर पाणी टाकल्याने काय होते हे घरातल्या स्त्रियांस ठाऊक आहे. सावलीत थांबावे, घटकाभर गप्पा माराव्यात. हेड खोलावेच लागले, तर पुन्हा बसवताना नट मधल्यापासून बाहेरच्या बाजूस, टप्प्याटप्प्याने आणि इंजिन गार असतानाच आवळावेत. एका कोपऱ्यापासून आवळत गेलेले हेड पहिल्याच प्रवासात दगा देते.

आता ठिणगीकडे येऊ. चार नळकांड्यांची पाळी १-३-४-२ अशी आहे. हा क्रम ज्याने पाठ केला, त्याला प्लगच्या तारा काढून पुन्हा लावण्याची भीती नाही. प्रत्येक नळकांड्यात दोन फेऱ्यांस एकदा स्फोट होतो. म्हणजे ४००० फेऱ्यांवर चारही मिळून सेकंदाला सुमारे १३३ ठिणग्या पडाव्या लागतात. त्या पाडण्याचे काम डिस्ट्रिब्यूटर करतो, ज्याला आपले मिस्त्री ‘डेल्को’ म्हणतात. त्यातले पॉइंट सेकंदाला इतक्या वेळा उघडतात आणि मिटतात. ते झिजणार, काळे पडणार हे ओघानेच आले. त्यांच्यातले अंतर साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असावे लागते. आमच्या पाहण्यातले जुने मिस्त्री खिशातले जाड कार्ड घालून ते बेतीत. ती युक्ती रस्त्यावर अडलेल्यासाठी ठीक आहे. घरी मात्र पात्यांचे गेज वापरावे आणि नेमके माप माहितीपुस्तकातून घ्यावे.

प्लग हा इंजिनाचा जिभेसारखा अवयव आहे. वैद्य जीभ पाहून पोटाची परीक्षा करतो, तशी प्लग काढून करावी. टोक फिकट तपकिरी असेल तर प्रकृती उत्तम. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. पांढरे फट्ट असेल तर पेट्रोल कमी पडून आत उष्णता वाढते आहे. तेलाने ओले असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले आहेत. धुराचेही तसेच. निळा धूर तेलाचा, काळा धूर वायफळ पेट्रोलचा, आणि इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर बहुधा पाण्याचा. एवढी लक्षणे ज्याला कळतात, त्याला मिस्त्री फसवू शकत नाही आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो मिस्त्रीवर अन्याय करत नाही.

व्हॉल्व्ह या इंजिनात वर, हेडमध्ये आहेत. पण त्यांना हलवणारा कॅमशाफ्ट खाली बाजूला असून तो लांब दांड्यांनी आणि डुलत्या आर्म्सनी त्यांना उघडतो. या साखळीत टॅपेटचे अंतर ठेवावे लागते. अंतर जास्त झाले तर शिवणयंत्रासारखी टकटक ऐकू येते. लोक ती टकटक बंद करा म्हणतात आणि मिस्त्री अंतर शून्यावर आणून ती बंद करतो. मग गाडी गोड चालू लागते आणि काही महिन्यांनी व्हॉल्व्ह जळतो. कारण तो तापून लांबला की पुरता मिटेनासा होतो, आणि मिटल्याखेरीज त्याला आपली उष्णता बैठकीला देता येत नाही. किंचित आवाज करणारे टॅपेट चांगले. अगदी मुके टॅपेट संशयास्पद. घरातल्या थोड्या कुरबुरीचेही असेच असते, पण तो विषय आजच्या पत्रकात नाही.

इंधनाकडे येतो. पेट्रोल टाकीतून ओढून आणणारा पंप इंजिनाच्या अंगाला बसवलेला आहे. त्याच्या पोटातला एक लवचीक पडदा कॅमशाफ्टच्या ढकलण्याने खालीवर होतो आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाते. पंप इंजिनाला चिकटून असल्यामुळे उन्हाळ्यात तो भाजतो. वैशाखात खंडाळ्याच्या किंवा खंबाटकीच्या चढावर पेट्रोलची वाफ होऊन पंप नुसती वाफच ढकलत बसतो आणि गाडी थांबते. अशा वेळी पंपावर ओले फडके ठेवून दहा मिनिटे बसावयाचे, ही युक्ती या राज्यातल्या प्रत्येक फियाटवाल्याला ठाऊक होती. हसण्यासारखी वाटली तरी तिच्यामागे पदार्थविज्ञान आहे: पाणी वाळताना उष्णता घेऊन जाते, पंप निवतो, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. माठातल्या पाण्याचे तत्त्व आणि हे तत्त्व एकच.

येथवर जे सांगितले ते पन्नास वर्षांपूर्वीही कोणी सांगू शकला असता. आता जे सांगावयाचे ते आजचे आहे आणि त्यावरच या गाड्यांचे भवितव्य बरेचसे ठरणार आहे. हे इंजिन ज्या पेट्रोलसाठी घडवले गेले, ते पेट्रोल आता मिळत नाही.

त्यातला पहिला फरक शिशाचा. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत. ते आरोग्याला घातक असल्यामुळे फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, आणि ते योग्यच झाले. परंतु शिशाचा एक पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसून तिला गादीचे काम देत असे. ती गादी गेल्यावर जुन्या, मऊ धातूच्या बैठका झिजतात, व्हॉल्व्ह हळूहळू आत रुतत जातो आणि टॅपेटचे अंतर आपोआप कमी होत जाते. म्हणून आजच्या मालकाने दर तपासणीत हे अंतर वहीत लिहून ठेवावे. ते घटत चालले असेल तर बैठक झिजते आहे. पुढे कधी हेड खोलाल तेव्हा कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. सावकाश चालणाऱ्या, अधूनमधून निघणाऱ्या गाडीला हा धोका थोडा. सतत भरधाव चालणारीला मोठा.

दुसरा फरक इथेनॉलचा. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याची मजल गाठली गेली. आपल्या ऊसवाल्यांना त्याचा आनंद असावा आणि आम्हांसही आहे. पण आपल्या या वृद्ध गाडीला ते जरा जपून पाजावे लागते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश शक्ती असते आणि ते जळताना हवा कमी लागते. आजच्या गाड्यांचे यंत्र हा फरक स्वतःच ओळखून इंधन वाढवते. कार्ब्युरेटरला डोके नाही, नुसते भोक आहे. जेटच्या भोकातून जेवढे जाईल तेवढे जाईल. परिणामी मिश्रण पातळ पडते, इंजिन अधिक तापते, आणि आपण पाहिले की तापणे हाच त्याचा शत्रू. म्हणून जाणत्या मिस्त्रीकडून प्लगचा रंग पाहून जेट थोडा मोठा करून घ्यावा. तसेच इथेनॉल जुन्या रबराला आणि बुचाच्या गॅस्केटला खाते. पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची वायसरे, पेट्रोलच्या नळ्या या सर्व इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्याव्यात. सडलेल्या नळीतून तापल्या इंजिनावर गळणारे पेट्रोल ही केवळ गाडीची हानी नव्हे. जीव जाऊ शकतो. या एका कामात उद्याचा वायदा करू नये.

इथेनॉलची आणखी एक खोड म्हणजे ते हवेतले पाणी ओढते. ताडपत्रीखाली पावसाळाभर उभी असलेली गाडी आश्विनात सुरू होत नाही, त्याचे कारण बहुधा हेच: पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाशी जाऊन बसते आणि तेथे गंज धरतो. तेव्हा गाडी उभी ठेवावयाची असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवावी. त्याहून बरे म्हणजे आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा तिला चांगली वीस-पंचवीस मिनिटे फिरवून आणावी. जागच्या जागी दोन मिनिटे सुरू करून बंद करणे हे सर्वांत वाईट; इंजिन पुरते तापत नाही आणि आत जमलेले पाणी तेलातच राहते. गाडी थोडी चालो वा पुष्कळ, तेल मात्र वर्षातून एकदा तरी बदलावेच.

आता काही जण विचारतील, एवढी यातायात करण्यापेक्षा जुने इंजिन काढून नवे का बसवू नये? तसे पुष्कळांनी केले. पण २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद केली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि धंद्यासाठी न वापरलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मग ती रोजच्या कामाला वापरता येत नाही, पण प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, पेट्रोल आणि दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर काढता येते. हिशेब करा. १९७४ साली नोंदलेल्या पद्मिनीला २०२४ साली पन्नास पुरी झाली. ताडपत्रीखालच्या गाड्या आता एकेक करून या रेषेला पोचत आहेत. आणि नियमातली अट काय, तर सांगाडा, शरीर किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. ज्याने कंटाळून इंजिन बदलले त्याने आपल्या हाताने हा मान घालवला. ज्याने तेच १०८९ चे इंजिन सांभाळले, त्याच्या गाडीला कायद्यातच जागा मिळाली.

इंजिन झिजले असेल तरी घाबरण्याचे कारण नाही. लोखंडी नळकांडी पुन्हा कातून थोडे मोठे पिस्टन घालता येतात. यालाच आपण ‘बोअर मारणे’ म्हणतो. समजा व्यास ६८ वरून ६८.६ मिलिमीटर केला, तर आकारमान १०८९ वरून सुमारे ११०९ होते. वाढलेल्या वीस घन सेंटिमीटरचा आनंद मानू नये. तेवढी भिंत पातळ झाली हे लक्षात ठेवावे. भिंतीला हे औषध मोजक्याच वेळा देता येते. म्हणून हवेचा आणि तेलाचा फिल्टर वेळेवर बदलणे हे बोअर मारण्यापेक्षा फार स्वस्त आहे.

श्रोतेहो, शेवटी जे सांगावयाचे ते यंत्राविषयी नाही. या सर्व कामांना लागणारी हत्यारे साधी आहेत: पाने, पेचकस, पात्यांचे गेज, प्लगचा पाना. दुर्मीळ होत चालली आहेत ती माणसे. कान लावून कोणता टॅपेट वाजतो हे सांगणारे मिस्त्री आपल्या गावात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यांचे शिष्य संगणक जोडून दोष वाचणाऱ्या गाड्यांकडे वळले, आणि पोटासाठी ते योग्यच केले. परंतु हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात पुरते उतरलेले नाही. ते त्यांच्या कानात आणि बोटांत आहे. भाग नव्याने घडवता येतो, जुना कान घडवता येत नाही.

म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी एक वही करावी. टॅपेटचे अंतर, प्लगचा रंग, जेटचा क्रमांक, तेल बदलल्याची तारीख, हेड कधी खोलले आणि कोणी खोलले, हे सर्व तीत लिहावे. आणि गावातला जुना मिस्त्री पुढच्या वेळी बॉनेट उघडील तेव्हा चहा पाठवून आपण घरात न जाता, घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला त्याच्याशेजारी उभे करावे. त्याने गेज हातात द्यावे आणि म्हणावे, ‘बाळ, हे पाते किती घट्ट सरकते ते पाहा.’ तेवढे बोटाला एकदा कळले की ते जन्मभर विसरत नाही. ती बोटे पुढे विमानाच्या इंजिनाकडे जावोत की रुग्णालयातल्या यंत्राकडे. माप म्हणजे काय आणि ते का पाळावयाचे, हे त्यांना समजलेले असेल. एका लहानशा इंजिनाने साठ वर्षे चाकरी करून शेवटी एवढे शिकवले, तर त्याचे आपल्यावरचे ऋण आणखी थोडे वाढले असेच आम्ही म्हणू.